बेण्याच्या खोलीतला उन्हाळा

तुमच्या घरातली सगळ्यात थंड जागा तुम्ही कोणासाठी राखली आहे?

लगेच उत्तर देऊ नका. उठा, घरातून एक फेरी मारा, कुठं काय ठेवलं आहे ते पाहा आणि मग पुढं वाचा. हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. हिंगोली जिल्ह्यात आठ दिवस काढले, तिथल्या एका खोलीत तो मला मिळाला आणि परतल्यापासून त्यानं माझी पाठ सोडलेली नाही.

जाताना माझ्याकडं प्रश्न नव्हते, उत्तरं होती. पाठीवरच्या पिशवीत पत्रकांचे दोन गठ्ठे होते. आमच्या सांगलीच्या घरात पुढच्या खोलीत बाबांचं छपाईचं यंत्र होतं. हुंडा, दारू, बुवाबाजी, धरणग्रस्त, कशावर पत्रक निघालं नाही असा विषय नाही. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ओल्या शाईच्या पत्रकांवर, आणि शाळेतल्या पुस्तकांना कव्हरं घातली ती चुकलेल्या पत्रकांची. त्यामुळं 'पृथ्वी तापते आहे : दहा शंका, दहा उत्तरं' हे पत्रक लिहिताना माझा हात एकदाही अडला नाही. लोक शंका घेतात, कारण त्यांच्यापर्यंत उत्तरं पोचलेली नाहीत. पोचवली की झालं. असं मला खरंच वाटत होतं.

हिंगोलीच का? आमच्या बाजारात हळद घेऊन आलेल्या तिकडच्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं होतं, की गेल्या उन्हाळ्यात त्याच्या गावात हळद शिजवताना एक बाई भर दुपारी कोसळली आणि गेली. गावानं म्हटलं, बाई अशक्त होती. ऊन काही नवं नाही. त्यानं गावाचं नाव दिलं, तिथल्या एका गुरुजींचं घर सांगितलं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथली माणसं माझ्याशी मोकळेपणानं बोलली आणि त्यांना अजून तिथंच राहायचं आहे.

हिंगोली

सकाळी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीला खाल्ली. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परततात आणि वर शेंगदाण्याचं कूट घालतात. आमच्याकडं याच मुरमुऱ्यांचं भडंग होतं, कुरकुरीत आणि दातांशी भांडणारं. इथं ते पोह्यांसारखे मऊ होऊन ताटलीत बसतात. दोन ताटल्या खाल्ल्या आणि हॉटेलवाल्याच्या हातात पत्रक दिलं.

त्यानं गल्ल्यावर बसून ते शेवटपर्यंत वाचलं. एवढं मन लावून माझं पत्रक माझ्या आईनंही कधी वाचलेलं नाही. मग मान वर करून म्हणाला, "गरमी वाढून राहिली म्हनता. मंग या थंडीत माझ्या टाकीच्या पान्यात हात घालवत नव्हता, ते काय होतं?"

मी चौथं उत्तर काढलं. एका आठवड्याची थंडी वेगळी आणि वर्षानुवर्षांचा कल वेगळा.

"म्हंजे गरम झालं तं तुमचं बराबर, अन् थंड झालं तं ते आठ दिवसाचं. दोन्हीकडून तुमीच जितनार! असा डाव आमाला बी शिकवा की, ताई."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले, पण चहा कडू लागला. उत्तर बरोबर होतं. फक्त ते त्याच्या टाकीपर्यंत पोचलं नव्हतं.

मोंढ्यात, म्हणजे तिथल्या बाजार समितीच्या आवारात, हळदीचे ढीग लागले होते. सांगलीच्या बाजारात मी लहानाची मोठी झाले, तरी तिथल्या धुरळ्यानं शिंका आल्या. वास तोच, पोती तीच, हमालांच्या पापण्यांवरचा पिवळेपणाही तोच. मी सांगलीची आहे म्हटल्यावर एक हमाल म्हणाला, "हळद आमची, नाव तुमचं!" आणि पोतं उचलून निघून गेला.

जवळा बाजार

आठवडी बाजाराच्या दिवशी तिथं पोचले. एका भज्यांच्या गाड्याशेजारी उभी राहून पत्रकं वाटली. अर्ध्या तासात गाडेवाल्यानं पाच-पन्नास मागून घेतली. मला वाटलं, गडी चळवळीत यायच्या लायकीचा आहे. पुढच्याच गिऱ्हाइकाला त्यानं माझ्या दहा उत्तरांत भजी बांधून दिली.

ते गिऱ्हाईक म्हणजे पटका बांधलेले एक म्हातारे शेतकरी होते. भजी संपवून त्यांनी तेलकट कागद उलगडला, डोळ्यांपासून लांब धरला आणि मला बोलावलं. "हे तू लिवलं का, बाय? हितं लिवलं हाय, मराठवाड्यात पाऊस कमी कमी होत जानार. व्हय?"

"हो, आजोबा."

"अन् मागच्या साली माझं सोयाबीन वाहून गेलं, ते काहून? वावरात कंबरभर पानी. शेंगा जागेवर उगवल्या. मी दहा वर्सं म्हनून राहिलो पाऊस येडा झाला. येतो तं धिंगाना घालतो, न्हाई तं महिना महिना तोंड दावत न्हाई. तू म्हनते कमी. कोनचं धरू?"

ते सांगत होते तेच शास्त्र सांगतं. तापलेली हवा पाणी जास्त धरते आणि एकदम टाकते, मध्ये लांबलचक उघडीप पडते. हे मी वाचलेलं होतं. पण पत्रकात लिहिताना 'पाऊस कमी होणार' हे चार अंगुळांत बसलं, धारदार वाटलं, म्हणून तेच ठेवलं. धार आणण्यासाठी मी अर्धं सत्य छापलं होतं, आणि ते अशा माणसाच्या हातात पडलं होतं ज्याच्या वावरात कंबरभर पाणी उभं राहिलं होतं. आता तो बाकीच्या नऊ उत्तरांवर विश्वास का ठेवेल?

"आजोबा, तुमचं धरा," मी म्हटलं. "माझं चुकलं."

ते कागदाला हात पुसत म्हणाले, "छापलेलं चुकलं म्हननारं मानूस पयल्यांदा पाह्यलं."

परतीच्या एसटीत उरलेली सगळी पत्रकं मांडीवर घेतली आणि प्रत्येकावरची ती ओळ पेनानं खोडली. खड्ड्यांमुळं काही ठिकाणी शेजारचीही ओळ गेली. शाई संपली तेव्हा कंडक्टरनं आपलं पेन दिलं आणि विचारलं, "पेपर तपासून राहिल्या का, मॅडम? पोट्टे पास हायेत का?"

"मास्तरीणच नापास झाली," मी म्हटलं.

पुसेगावच्या पुढं

हिंगोली जिल्ह्यातल्याच पुसेगावला उतरून जीपनं पुढं गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली उघडी वावरं, मधूनच पाणी असलेल्या ठिकाणी हळदीचे तुकडे. झाडं इतकी थोडी, की प्रत्येक झाडाखाली कोणीतरी आधीच बसलेलं. चैत्र लागला होता. नऊ वाजताच डांबर मऊ झालं होतं.

गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा आहे. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणारी ही माणसं आता शेती आणि मजुरी करतात. ट्रक ड्रायव्हरनं सांगितलेली, कोसळून गेलेली बाई ज्या घरातली होती ते घर शेवंताबाईंचं निघालं. पन्नाशीच्या, उंच, दंडभर पांढऱ्या चुड्यांच्या. बारा बायकांची टोळी त्या चालवतात. गेल्या वर्षी गेलेली चंद्री त्यांची धाकटी जाऊ.

त्यांनी मला ज्वारीची बाटी वाढली. बाटी म्हणजे आपली भाकरीच, पण जाड. सोबत लाल मिरचीचा ठेचा. आमच्याकडं ठेच्यात दही घालून पाहुण्याला वाचवतात. इथं पाहुण्याची अशी दया करत नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी येताना पाहून त्यांची सून सुनीता खिदळत म्हणाली, "याडी, हिला चंद्रीकाकीचं सांगायच्या आदीच रडून राहिली!"

याडी म्हणजे आई. सासूला ती याडीच म्हणायची. एकोणीस-वीस वर्षांची असेल, लग्नाला वर्ष झालेलं. तिनं माझं एक पत्रक उचललं, दोन घड्यांत त्याची टोपी केली आणि डोक्यावर ठेवली. "तुमच्या कागदाचा येवढाच उपेग, ताई. ऊन लागत न्हाई."

मग शेवंताबाईंनी चंद्रीचं सांगितलं, आणि कामाची रीतही. हळद काढली की शिजवावी लागते. त्यासाठी कुकर असतो. ट्रॅक्टरला जोडून आणलेली लोखंडी भट्टी, वर पाण्याचा हौद आणि वाफेच्या नळ्या जोडलेली चार पिंपं. बायका कच्ची हळद पिंपात भरतात, शिजली की पिंप उलटं करतात, वाफाळतं ढिगार घमेल्यांनी खळ्यावर नेऊन पसरतात. पंचक्रोशीत एक कुकर. शेतकऱ्यांचे नंबर लागलेले, एकेकाला दोन दिवस. भट्टी पेटली की विझवत नाहीत, कारण पुन्हा वाफ धरायला लाकूड जातं आणि वेळ जातो. म्हणून बारा वाजता, एक वाजता, दोन वाजता बायका वाफ आणि ऊन यांच्या मध्ये उभ्या असतात.

"चंद्री म्हने, बाई, माझा घाम काहून थांबला," शेवंताबाई म्हणाल्या. "अंग कोरडं अन् तव्यावानी. मंग मला वळखंना. मंग गेली. डाक्टर म्हने हार्ट. गाव म्हने, न्याहारी केली नव्हती. न्याहारी मी वाढली होती तिला."

त्यांची यंदा एकच मागणी होती. पहाटे लवकर धरू, अकराला सोडू, चारला पुन्हा येऊ, अंधार पडेस्तोवर करू. मधल्या वेळात भट्टी मंद ठेवा. काम तेवढंच देऊ. गावानं नाही म्हटलं होतं.

"काहून न्हाई म्हनलं?"

तिथं दोनच दिवसांत माझ्या तोंडी काहून आलं होतं. सुनीता पुन्हा हसली. शेवंताबाई हसल्या नाहीत. "गुरुजीच्या भितीवर लिवलं हाय म्हनून. ऊन वाढलं न्हाई म्हंते भित. तू शिकेल हायेस. जा, वाच अन् सांग. उद्या आमी त्याच्याच वावरात हाओत. सुनीता बी."

भिंत

गुरुजी निवृत्त शिक्षक. सत्तरीचे, पांढरा सदरा, बोलण्यात शाळा. त्यांच्या पाच-सहा एकरांतली हळद गावात सगळ्यांत चांगली. मी सकाळी दहाला पोचले तेव्हा वाड्याबाहेरच्या वावरात कुकर सुरू होता. शेवंताबाईंची टोळी पिंपं भरत होती. सुनीतानं लांबून हात केला. कागदी टोपी पदराखाली होती.

"सांगली? म्हणजे हळदवाले!" गुरुजींनी हसून स्वागत केलं. "चला आत. बाहेर बोलायची हवा नाही."

ते मला बेण्याच्या खोलीत घेऊन गेले. बेणं म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखलेले हळदीचे जाड गड्डे. मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद, एक दार, एक झरोका. दोन्हींवर भिजवलेली गोणपाटं टांगलेली. आत गेल्यावर माझे खांदे आपोआप खाली आले. किती तासांनी मी नीट श्वास घेतला होता. कोपऱ्यात हळदीच्या पाल्यानं झाकलेला बेण्याचा ढीग होता, आणि ढिगाच्या बाजूच्या भिंतीवर एक जुना थर्मामीटर.

त्याच्या खाली भिंत भरून आकडे. कोळशानं लिहिलेले, ओळीत, स्वच्छ. हळद निघाल्यापासून लागवडीपर्यंत रोज दुपारी तीनला एक नोंद. चोवीस वर्षं. एकतीस, बत्तीस, एकतीस, एकतीस, तीस, बत्तीस.

"वाचा," गुरुजी म्हणाले. "हा थर्मामीटर मीच जिल्ह्यातून आणला. एक दिवस खाडा नाही. बायको गेली त्या दिवशीसुद्धा लिहिलं. आता मला दाखवा, कुठं तापली तुमची पृथ्वी?"

मी खाली बसून वाचलं. पहिल्या वर्षाचा उन्हाळा आणि शेवटचा उन्हाळा यांत बोटभर फरक नव्हता. खोटं सांगत नाही, मला भीती वाटली. हा कोणी कंपनीचा माणूस नव्हता, टीव्हीवर ओरडणारा नव्हता. त्यानं मोजलं होतं. मी मोजलेलं नव्हतं. मी वाचलं होतं आणि छापलं होतं.

त्यांनी माझं पत्रक मागितलं, चष्मा लावला आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? खोडलेलं शास्त्र?"

"चूक होती, म्हणून खोडली. खोडता येतं म्हणूनच ते शास्त्र."

"वा! मग आज एक ओळ खोडली, उद्या दहा खोडाल. गरिबांनी तोवर काय करायचं?"

"गुरुजी, एक थर्मामीटर चुकू शकतो. म्हणून जगभर हजारो ठिकाणी मोजतात, समुद्रावरही. एकाची चूक दुसऱ्याला सापडते."

"ते माझ्या गावात आहेत का? नाहीत. इथं कोण आहे? मी." ते उठले, कोपऱ्यातल्या घागरीतून तांब्या भरला, दारावरच्या गोणपाटावर पाणी मारलं आणि परत येऊन बसले. "आणि तुमचे हवामानवालेही थर्मामीटर सावलीतच ठेवतात. उन्हात नाही. खरं की नाही?"

खरं होतं. सावलीतच ठेवतात. मी म्हटलं, पण मोकळ्या हवेत, जाळीच्या पेटीत. त्यांनी म्हटलं, हवा ती हवाच. मी समुद्राची पातळी काढली. त्यांनी हिंगोलीला समुद्र कुठून आणू विचारलं. मी बर्फाचं बोलले. ते म्हणाले, "गाड्या उडवल्या तुमच्या शहरांनी, धूर केला परदेशांनी, आणि भट्टी मंद करायची मी?" हा प्रश्न मला आवडला, कारण तो न्याय्य होता. त्यावर आम्ही तासभर भांडलो. मध्ये चहा झाला. येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाच्या, आमटीबरोबर भाकरी झाली. ते पुन्हा उठले, पुन्हा गोणपाटावर तांब्याभर पाणी मारलं. मला वाटलं, पाहुणीसाठी चाललं आहे. मी म्हटलंसुद्धा, "राहू द्या गुरुजी, मला काही उकडत नाहीये."

हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा एक वाजून गेला होता. कुकर आमच्यापासून शंभर पावलांवर होता.

दुपार

ओरडणं ऐकू आलं तेव्हा मी पत्रकातल्या सातव्या शंकेवर होते.

दोन बायकांनी सुनीताला काखेत धरून ओढत आणलं होतं. पाय मातीत रेघा ओढत येत होते, पिवळे, घोट्यापर्यंत. मागून शेवंताबाई. त्या रडत नव्हत्या, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "घाम थांबला हिचा. घाम थांबला हिचा."

"आत घ्या," गुरुजी म्हणाले. तेवढं त्यांनी क्षणाचा विचार न करता म्हटलं, हे मला नोंदवायचं आहे.

बेण्याच्या ढिगाला लागून तिला आडवं केलं. अंग कोरडं होतं आणि हात लावला तर भाजत होतं. डोळे उघडे, पण त्यांत आम्ही कोणी नव्हतो. एक बाई पाणी पाजायला पुढं आली, तिला मी अडवलं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, एवढं मला ठाऊक होतं. शेवंताबाईंनी दारावरचं ओलं गोणपाट हिसकलं, मी झरोक्यावरचं ओढलं. दोन्ही तिच्या अंगावर घातली, घागर रिकामी केली, माझ्या हातातल्या पत्रकांच्या गठ्ठ्यानं वारा घातला. एक ओघळ बेण्याकडं गेला. बेण्यावर पाणी पडलं तर ते कुजतं, म्हणून या खोलीत कोणी कधी पाणी सांडत नाही. त्या दिवशी गुरुजींनी स्वतः दुसरी घागर आणून ओतली.

जीप यायला अर्धा तास लागला. शेवंताबाई आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून बसणार होतो, पण जागा एकाचीच होती. शेवंताबाई गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "वाचली का भित?"

जीप गेली. बाहेर कुकरची भट्टी अजून पेटलेली होती आणि चार पिंपांतून वाफ निघत होती. कोणी ती बंद करायला गेलं नव्हतं.

मी आणि गुरुजी खोलीत परत आलो, कारण दुसरं कुठं जायचं ते आम्हाला कळेना. जमिनीवर चिखल, त्यात सुनीताची भिजलेली कागदी टोपी. दार उघडं, झरोका उघडा. बाहेरची झळ सरळ आत येत होती. तीन वाजले असावेत. चोवीस वर्षांच्या सवयीनं गुरुजींनी कोनाड्यातला कोळसा उचलला, चष्मा वर केला आणि थर्मामीटरकडं पाहिलं.

आणि तसेच उभे राहिले.

मी उठून शेजारी गेले. पारा अडतीसवर होता. माझ्या डोळ्यांसमोर तो अजून चढत होता.

मग माझ्याकडं न बघता, वर्गात चुकलेल्या मुलानं बोलावं तसे म्हणाले, "थर्मामीटर बेण्यासाठी आणला होता. बत्तीसच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. वर गेलं की गोणपाट भिजवायचं."

"मग भिंतीवर जे लिहिलं आहे ते..."

"मी ऊन मोजलंच नाही, पोरी. मी माझी राखण मोजली."

मी विचारलं, सुरुवातीला दिवसातून किती वेळा भिजवावं लागायचं? त्यांनी आठवून सांगितलं, एकदा, बारा वाजता. नंतर दोनदा. आता चार वेळा, कधी पाच. सकाळपासून माझ्यासमोरच किती वेळा उठले होते ते त्यांनाही मोजता येईना. खोली तीच, भिंती त्याच, माळवद तेच. वाढत गेला होता तो फक्त तांब्या. त्याची नोंद कोणी ठेवली नव्हती, कारण पाणी मारणं हे काम होतं, माहिती नव्हती.

आता मला माझ्यातलाच शंकेखोर बोलताना ऐकू येतो. गोणपाटं विरळ झाली असतील, झरोका मोठा झाला असेल. असेल. एका खोलीवरून पृथ्वीचा निकाल लागत नाही. तो हजारो ठिकाणच्या मोजमापांवरून लागला आहे आणि तो माझ्या पत्रकाची वाट पाहत थांबलेला नाही. पण आम्ही दोघं शिकलेली माणसं, गावातल्या सगळ्यात गार खोलीत बसून, ऊन आहे की नाही यावर तीन तास वाद घालत होतो. बेण्याला ऊन लागू नये म्हणून चोवीस वर्षं एकही खाडा न करता जिवापाड जपलेली खोली होती ती. शंभर पावलांवर माणसं होती.

गुरुजींनी कोळशानं पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत एक उभी रेघ ओढली. मग थर्मामीटर खिळ्यावरून काढला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "खोडता येतं म्हणून शास्त्र. हो ना?" त्यात टोमणा नव्हता.

तो त्यांनी खळ्याच्या कडेच्या बाभळीला नेऊन टांगला, सावलीत पण मोकळ्यावर, बायकांच्या डोक्याच्या उंचीला. कुकरवाल्यानं विचारलं, "गुरुजी, झाडाला ताप आला का?" कोणी हसलं नाही.

परत

सुनीता वाचली. हिंगोलीच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती. मी तिथं गेले तेव्हा तिनं मला ओळखलं, पण नाव सांगताना चाचपडली. टोपीचा विषय मी काढला, तिला आठवत नव्हता. शेवंताबाई फोनवर सांगतात, की आता ती चुलीपुढंही जास्त वेळ बसू शकत नाही, हात थरथरतात. ठेचा खाताना दुसऱ्याला हसणारी ती पोरगी मला पुन्हा दिसली नाही.

गुरुजींनी आपल्या वावरात अकरा ते चार काम बंद केलं. भट्टी मंद ठेवली. दोन दिवसांच्या जागी अडीच दिवस लागले. पुढच्या नंबरवाला त्यांच्याशी कडाकडा भांडला. बाकीच्या गावानं काय केलं? गावानं दुसरी टोळी आणली. दुपारी न थांबणारी. शेवंताबाईंच्या बारा बायकांना उरलेल्या हंगामात त्या गावात काम मिळालं नाही. मी ज्यांच्या बाजूनं उत्तरं घेऊन गेले होते, त्यांच्याच पदरात हे पडलं. गुरुजींची भिंत आता कोणी पुरावा म्हणून सांगत नाही, पण 'म्हातारा फिरला' असं सांगतात. पुरावा गेला, शंका राहिली. कारण ती शंका आकड्यांवर कधी उभी नव्हतीच. ती कुकरच्या नंबरावर उभी होती.

मी निघताना शेवंताबाईंना म्हणाले होते, की मी हे सगळं लिहीन, आकड्यांसकट. त्या घमेलं पालथं घालून त्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आकडा लिव. पर आकड्याम्होरं नाव बी लिव. गुरुजीच्या भितीवर चोवीस वर्सं हायेत. चंद्री मेली तो दिस बी हाय तिथं. एकतीस लिवलंय म्हंते गुरुजी. त्याच्याम्होरं ती न्हाई."

गुरुजींनी बाभळीखाली नवी वही सुरू केली आहे. दर दुपारी आकडा, आणि समोर त्या वेळी तिथं कामावर असलेल्यांची नावं. माझ्या नव्या पत्रकात दहा उत्तरं नाहीत. एकच विनंती आहे आणि ती तुम्हाला करते.

या उन्हाळ्यात एक थर्मामीटर विकत आणा. बेण्याच्या खोलीत, दिवाणखान्यात, ऑफिसात टांगू नका. तुमच्यासाठी दुसरा माणूस जिथं राबतो तिथं टांगा. खळ्यावर, इमारतीच्या सांगाड्यावर, भट्टीजवळ, तुमच्या स्वयंपाकघरात. सावलीत, मोकळ्या हवेत, त्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. दुपारी तीनला स्वतः तिथं जा. पाच मिनिटं उभे राहा. आकडा लिहा आणि त्याच्यासमोर त्या माणसाचं पूर्ण नाव लिहा, त्याला विचारून. पृथ्वी तापते की नाही यावर मग माझ्याशी खुशाल वाद घाला, मी येईन.

पण ते नाव लिहून झाल्यावर, त्या माणसाला आधी सावलीत बोलवा.